मिनिट्समध्ये मी हजर होते

पुरानंतरच्या मदतकामाच्या पहिल्या समन्वय बैठकीला मी गेले आणि ती बैठक माझ्याशिवायच झाली. म्हणजे गेले हे खरं, वेळेच्या आधी पोचले, पण बैठक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मी व्हीलचेअरवर. खालचा वॉचमन बिचारा म्हणाला, मॅडम चार माणसं बोलावतो, उचलून नेतील. मी नाही म्हटलं. उचलून नेताना कुणाचा हात कुठे लागतो हे व्हीलचेअरवरच्या प्रत्येक बाईला माहीत असतं, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. तर मी जिन्याखाली दीडेक तास बसले, वरून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते, मग बैठक संपली, लोक घाईघाईत उतरले, एकदोघांनी ओळखीचं हसू दिलं, एका मुलाने सॉरी म्हणून व्हिजिटिंग कार्ड दिलं आणि गाड्या निघून गेल्या.

आठवड्याने दुसऱ्या एका संस्थेतल्या मैत्रिणीने मला त्या बैठकीचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, फॉरवर्ड केले (आम्ही मेलिंग लिस्टवर नव्हतोच). उपस्थितांच्या यादीत आमच्या संघटनेचं नाव होतं! आणि खाली एक ओळ, की अपंग व्यक्तींच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करण्यात आली. मी ती ओळ तीनदा वाचली. सल्लामसलत कुणाशी झाली, वॉचमनशी?

क्लस्टर (म्हणजे मदतीच्या एकेका विषयावर काम करणाऱ्या संस्थांचा गट) कोणता, एजन्सी कोणती, ते मुद्दाम सांगत नाहीये. मला कुणाचं नाक कापायचं नाही, आणि खरं सांगायचं तर ते नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील.

आधी थोडं आमच्याबद्दल. आमची संघटना अपंग बायकांची. अध्यक्ष, खजिनदार, कामाला जाणारी, हिशेब ठेवणारी, सगळ्या आम्हीच. मला लहानपणी पोलिओ झाला, आमची सचिव जन्मापासून बहिरी आहे, खजिनदारताईंना एकाच डोळ्याने, तेही अंधुक दिसतं आणि हिशेब मात्र त्यांचा पैशाला पैसा जुळलेला असतो. अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था भरपूर आहेत आणि त्यातल्या काही चांगल्याही आहेत, पण तिथे निर्णय घेणारे बहुतेक वेळा धडधाकट असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर लक्ष ठेवणारी जी समिती आहे तिने २०१८ साली सातव्या जनरल कॉमेंटमध्ये, म्हणजे कराराचा अर्थ सांगणाऱ्या टिपणात, हा फरक स्पष्ट लिहून ठेवलाय, की अपंग व्यक्तींची संघटना म्हणजे जिचं नेतृत्व, कारभार आणि दिशा अपंग व्यक्तींच्याच हातात आहे ती, आणि सल्ला घ्यायचा तर आधी तिचा घ्यायचा. इंग्रजीत अशा संघटनेला ओपीडी म्हणतात, ऑर्गनायझेशन ऑफ पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज. पहिल्यांदा हे ऐकल्यावर आमच्या बायका इतक्या हसल्या, म्हणाल्या इथेही शेवटी दवाखान्याच्याच रांगेत उभं केलं आपल्याला. (आणि हो, मी 'दिव्यांग' लिहिणार नाही. माझ्या पायात दिव्य काही नाही. अपंग म्हणा, सरळ.)

पूर आला तेव्हा इशारा दिला होता गाडीवर भोंगा लावून. आमच्या सचिवाला तो भोंगा कुठून ऐकू येणार, तिला शेजाऱ्यांची पळापळ दिसली तेव्हा कळलं. पाणी ओसरल्यावर पहिले पाच आठवडे आम्ही कुणाची वाट न बघता काम केलं. कोण कुठल्या छावणीत आहे, कुणाची कुबडी वाहून गेली, कुणाची फिट्सची औषधं संपली, कोण घरीच अडकून पडलंय, सगळं एका वहीत. तेव्हा आम्हाला क्लस्टर म्हणजे काय हे माहीत नव्हतं आणि क्लस्टरला आम्ही माहीत नव्हतो.

मग मी शिकायला बसले. आपत्तीतल्या मदतीच्या समन्वयाची ही सगळी व्यवस्था १९९१ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने केलेल्या ४६/१८२ नंबरच्या ठरावातून आलीय, आणि त्या ठरावातच म्हटलंय की आपत्तीत मदत सुरू करायची, तिचं समन्वयन करायचं, ती अंमलात आणायची ही पहिली जबाबदारी त्या त्या देशाची. क्लस्टर आले २००५ साली. म्हणजे पाणी-स्वच्छता, निवारा, आरोग्य, अन्न, संरक्षण असे विषय वाटून घ्यायचे, प्रत्येक विषयाला एक लीड एजन्सी, तिचा एक समन्वयक, आणि त्या विषयात काम करणाऱ्या सगळ्यांनी एका टेबलावर बसायचं म्हणजे एकाच गावात चार संस्था ताडपत्र्या वाटतायत आणि शेजारच्या गावात कुणीच नाही असं होऊ नये. कल्पना चांगलीच आहे हो. मी दोन्ही बाजू बघितल्यात, समन्वय नसला तर काय गोंधळ होतो तेही बघितलंय. पण टेबलावर कोण बसणार हे टेबल मांडणाराच ठरवतो, आणि टेबल दुसऱ्या मजल्यावर मांडलं की बरंचसं आपोआपच ठरून जातं.

आम्ही ते मिनिट्स दुरुस्त करायला मेल केला. अगदी गोड भाषेत, की आमची प्रतिनिधी इमारतीत होती पण बैठकीत नव्हती, कृपया नोंद बदलावी. उत्तर आलं की मिनिट्स फायनल झालेत, पुढच्या वेळी नक्की काळजी घेऊ. ह्या उत्तराने मला जे शिकवलं ते पुढच्या दोन वर्षांत कुठल्याच ट्रेनिंगने शिकवलं नाही. भाषण कोण करतं ते सोडा, अजेंडा कोण लिहितं, मिनिट्स कोण लिहितं, एक्सेलचे कॉलम कोण ठरवतं आणि मेलिंग लिस्टची किल्ली कुणाकडे आहे, तिकडे बघायचं. तेव्हापासून मी तिकडेच बघतेय.

पहिलं काम म्हणजे लिस्टवर नाव घालणं. ह्याला तीन आठवडे लागले, का लागले देव जाणे, एका फॉर्मवरून दुसऱ्या फॉर्मवर. मग आला तो प्रसिद्ध तक्ता, कोण काय कुठे करतंय ह्याचा, थ्रीडब्ल्यू म्हणतात त्याला, कधी करतंय हे धरलं तर फोरडब्ल्यू. दर महिन्याला भरून द्यायचा. त्यात 'काय' च्या रकान्यात ड्रॉपडाउन, आणि त्या यादीत आम्ही करत होतो त्यातलं काहीच नाही! घरोघरी जाऊन अडकलेल्यांना शोधणं नाही, कुबडी दुरुस्त करून आणणं नाही, वाटपाच्या रांगेत एखाद्या आंधळ्या माणसाबरोबर उभं राहणं नाही. मी सगळ्यासमोर 'इतर' निवडलं. महिन्याअखेरीस नकाशा आला तर आम्ही जिथे रोज जात होतो ती अकरा गावं पांढरी, म्हणजे तिथे कुणीच काम करत नाही असं. आमच्या वहीत त्या गावांतल्या प्रत्येक घराची नोंद होती आणि नकाशावर तिथे गॅप होता.

मग मी इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या, म्हणजे हे तक्ते आणि नकाशे सांभाळणाऱ्या, मुलाला गाठलं. ह्या मुलाबद्दल दोन चांगले शब्द लिहिलेच पाहिजेत. समन्वयक बदलत राहिले, तीन बदलले माझ्यादेखत, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं, पण हा होता. मी म्हटलं 'इतर' नकाशात का दिसत नाही, तर तो म्हणाला इतर मी गाळतो, नाहीतर नकाशा वाचता येत नाही. मी म्हटलं मग ड्रॉपडाउनमध्ये चार गोष्टी घाल. तो म्हणाला घालतो. इतकंच! पाच महिने आम्ही बैठकीत हात वर करून जे मागत होतो ते चहाच्या सुट्टीत दोन मिनिटांत झालं. पुढच्या महिन्यात ती अकरा गावं रंगली.

बैठकीत बोलणं ही वेगळीच कहाणी. बैठकीची भाषा परकी, त्यात प्रत्येक वाक्यात तीनतीन आद्याक्षरं, एचसीटी, आयसीसीजी, एचआरपी, एसएजी, आणि सगळे मान हलवतायत. मी घरी येऊन एक वही केली ह्या आद्याक्षरांची, ती वही पुढे फोटो काढून निम्म्या स्थानिक संस्थांकडे गेली, म्हणजे मान हलवणाऱ्यांनाही कळत नव्हतंच. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचं विचारलं तर प्रश्न आला की बजेट कुठल्या हेडखाली? मी म्हटलं ज्या हेडखाली तुमच्या परदेशी पाहुण्यांसाठी भाषांतरकार येतो त्याच हेडखाली. खोलीत जरा शांतता झाली. पण पुढच्या महिन्यात दुभाषी आली, आणि एकच आली, दोन तासांची बैठक एकटीने, हात दुखून बिचारीचे शेवटचे विषय निम्मेच पोचले. दोन दुभाषी लागतात, वीसपंचवीस मिनिटांनी अदलाबदल करत, हे सांगायला आणखी एक महिना.

ऑनलाइन बैठका सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं सुटलो, जिना नाही. माझ्यापुरतं खरंच सोपं झालं. पण सचिवाला दुभाष्याची खिडकी टिचभर दिसायची कारण सगळी स्क्रीन कुणाच्यातरी पॉवरपॉइंटने भरलेली, आणि खजिनदारताईंचा स्क्रीन रीडर चॅटमधला प्रत्येक 'गुड मॉर्निंग' मोठ्याने वाचत बसायचा, त्या आवाजात बोलणाऱ्याचं ऐकू येईना. मग नियम केला, चॅटमध्ये फक्त कामाचं. कित्येकांना तो नियम आगाऊपणा वाटला.

आता आकड्यांची गोष्ट, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं काम तिथे झालं. गरजांच्या सर्व्हेमध्ये प्रश्न होता, घरात कोणी अपंग आहे का, हो किंवा नाही. ह्या प्रश्नाला लोक नाही म्हणतात. लाज असते, मुलीच्या लग्नाची काळजी असते, म्हाताऱ्या सासूला दिसत नाही ते वय म्हणून सोडून दिलेलं असतं, आणि काहींना भीती वाटते की हो म्हटलं तर नाव कुठल्या यादीत जाईल. मग आकडा इवलासा येतो आणि त्या इवल्याशा आकड्यावर बजेट ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो की जगात साधारण १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्के, सहातला एक माणूस. आपत्तीनंतर छावणीत हे प्रमाण एकदम कमी कसं होईल?

आम्ही वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्वाची आकडेवारी कशी घ्यायची हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) सहा प्रश्न लावून धरले. दिसायला त्रास होतो का (चष्मा लावूनही), ऐकायला, चालायला-जिना चढायला, लक्षात ठेवायला-लक्ष लावायला, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला, आणि आपलं म्हणणं दुसऱ्याला समजवायला. उत्तरं चार, काहीच त्रास नाही, थोडा, खूप, किंवा जमतच नाही. एकाही प्रश्नाला खूप किंवा जमतच नाही आलं की ती व्यक्ती मोजली जाते. 'अपंग' हा शब्द कुठेही उच्चारायचा नाही, हीच त्यातली गंमत. समन्वयक म्हणाले सहा प्रश्न फार होतात, सर्व्हे लांबतो. आम्ही त्यांच्यासमोर घड्याळ लावून विचारून दाखवले. मग म्हणाले आमचे सर्व्हेवाले ट्रेन नाहीत. आम्ही म्हटलं आम्ही ट्रेन करतो, आणि केलं, आमच्या सातजणींनी. सर्व्हेवाली मुलं पहिल्या दिवशी माझ्या व्हीलचेअरकडे बघत होती, दुसऱ्या दिवशी प्रश्नांकडे. एकाने तर सरळ विचारलं की मॅडम, समोरची बाई धडधाकट दिसत असेल तर हे प्रश्न गाळू का? त्या एका प्रश्नावर आम्ही तासभर बोललो, आणि ट्रेनिंग खरं तिथे झालं.

पुढच्या फेरीत आकडा कित्येक पटींनी वाढला. मी काही टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण हे सहा प्रश्न सगळं पकडत नाहीत, मानसिक आजार असलेले बरेच लोक निसटतात, लहान मुलांसाठी वेगळा प्रश्नसंच लागतो. पण आता बैठकीत कुणी म्हणत नव्हतं की अपंग लोक थोडेच आहेत, त्यांचं नंतर बघू.

बायकांच्या संघटनांबरोबरचं नातं सुरुवातीला तसं अवघडच होतं, इथे थोडं घरातलं धुणं बाहेर धुते. अपंगांच्या महासंघात सगळे पुरुष, तिथे आम्ही गेलो की ताई तुम्ही महिला विभाग सांभाळा. बायकांच्या नेटवर्कमध्ये गेलो तर प्रेम फार, पण अपंग बाईवर बलात्कार होऊ शकतो, तिला मूल हवं असू शकतं, तिला नवरा मारू शकतो हे त्यांच्या यादीत नव्हतंच, आम्ही त्यांच्या लेखी कायमच्या लहान मुली. आणि त्यांची ऑफिसंही वरच्याच मजल्यावर!

पण गाठ पक्की झाली ती एका हेल्पलाइनवरून. हिंसाचार झालेल्या बाईने कुठे जायचं ह्याचा एक तक्ता छावणीत सगळीकडे लावला होता, सुंदर, रंगीत, आणि त्यावर सगळे फोन नंबर. फक्त फोन नंबर. आमच्या सचिवाने बैठकीत उठून, दुभाष्यामार्फत, एकच विचारलं, मी कुणाला फोन करू? बायकांच्या नेटवर्कच्या ज्या प्रमुख होत्या, करारी बाई एकदम, त्या बैठकीनंतर आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, हा तक्ता मी केलाय, आता आपण परत करू. मग त्यात मेसेजचा नंबर आला, व्हिडिओ कॉलची वेळ आली, चित्रं आली. तरी पुढे दुभाष्याचा प्रश्न होताच. बहिऱ्या बाईच्या घरी दुभाषी कोण असतं? नवरा किंवा दीर. आणि त्रास देणारा तोच असला तर? बाहेरून बोलवावं तर दुभाषी असतात मोजके, सगळ्या बहिऱ्या समाजाला ओळखणारे, बाईला वाटतं ही सगळीकडे सांगेल. आम्ही चारजणींना गुप्ततेचं वेगळं ट्रेनिंग दिलं, दूरच्या भागातली दुभाषी व्हिडिओवर घ्यायची सोय केली, आणि बाईने दोघीतली एक निवडायची असं ठेवलं. अजूनही ते परफेक्ट नाही. पण ह्या कामाच्या वेळी आम्हाला कुणी सल्ला दिला नाही, आमच्याकडे मागितला, आणि ते जाणवत होतं खोलीत.

पैशाचं पटकन सांगते, नाहीतर मला राग येतो. २०१६ च्या मे महिन्यात इस्तंबूलला जी जागतिक मानवतावादी परिषद झाली तिथे ग्रँड बार्गेन नावाचा करार झाला, त्यात देणगीदार आणि मोठ्या संस्थांनी कबूल केलं की २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांपर्यंत पोचवू. २०२० आलं आणि गेलं, जगभरचा थेट पोचणारा पैसा एक आकडी टक्क्यांतच राहिला. आम्ही जिथे होतो तिथे आम्हाला मिळाली सब-ग्रँट, म्हणजे मोठी संस्था पैसा घेणार, त्यातून मधली संस्था, त्यातून आम्ही. त्याआधी ड्यू डिलिजन्स, म्हणजे संस्थेची कागदोपत्री तपासणी, तीन वर्षांचे ऑडिट, खरेदीचं धोरण, लैंगिक शोषण प्रतिबंधाचं धोरण, डेटा धोरण. शोषणाच्या धोरणाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, ते हवंच, आणि आम्ही ते आमच्या बायकांबरोबर बसून खरंखुरं लिहिलं, तक्रार कुणाकडे करायची, पेटी कुठल्या उंचीवर लावायची इथपासून. पण बाकी पंधरा धोरणं मी इकडून तिकडून नावं बदलून दिली हे कबूल करते, आणि मला खात्री आहे वाचणाऱ्यानेही ती तशीच वाचली.

सगळ्यात टोचलं ते ओव्हरहेडचं. देशपातळीवरच्या पूल फंडात, म्हणजे अनेक देणगीदारांच्या एकत्र निधीत, ऑफिस चालवायच्या खर्चासाठी ७ टक्क्यांपर्यंत वेगळे मिळतात. आमच्या करारात तो आकडा शून्य. विचारलं तर म्हणे तुमचं ऑफिस लहान आहे. लहान ऑफिसला लाइट बिल येत नाही का! नशिबाने आयएएससीने (संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मोठ्या मदतसंस्थांची समन्वय समिती) २०२२ साली स्थानिक भागीदारांना ओव्हरहेड द्यायलाच हवा अशा अर्थाचं मार्गदर्शन काढलं होतं, ते खजिनदारताईंनी कुठून शोधून काढलं माहीत नाही, स्क्रीन रीडरवर अख्खं ऐकलं आणि पुढच्या करारवाटाघाटीत पान नंबरासकट वाचून दाखवलं. थोडं मिळालं, सगळं नाही. आणि दुभाषी, वाहन, सोबतीला येणारी व्यक्ती ह्यांचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून घेतला, कारण तो 'इतर प्रशासकीय' मध्ये गेला की पहिल्यांदा तोच कापतात.

ह्या सगळ्यात कागदांनी मदत केली, हे मान्य करायला हवं. अपंग हक्क करारातलं ११ वं कलम आपत्तीतल्या संरक्षणाबद्दल आहे हे मला आधीपासून पाठ होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात आयएएससीने अपंग व्यक्तींच्या समावेशाबद्दल गाइडलाइन्स काढल्या, त्यात चार गोष्टी करायलाच हव्यात म्हणून सांगितल्यात, अर्थपूर्ण सहभाग, अडथळे काढणं, सक्षमीकरण, आणि अपंगत्वानुसार वेगवेगळा करून दाखवलेला डेटा. आणि २०२१ च्या जुलैमध्ये स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांच्या समन्वयातल्या नेतृत्वाबद्दल वेगळं मार्गदर्शन आलं, त्यात बैठकीची भाषा, सह-नेतृत्व हे सगळं आहे. ह्या तीन कागदांची मी इतकी झेरॉक्स वाटली की झेरॉक्सवाल्याला वाटलं मी परीक्षेचे क्लास घेते.

मग क्लस्टरच्या टर्म्स ऑफ रेफरन्स, म्हणजे कामाची नियमावली, बदलायची वेळ आली आणि सह-समन्वयकाची जागा स्थानिक संस्थेला द्यायचं ठरलं. ड्राफ्टमध्ये अट होती की सह-समन्वयक संस्थेकडे त्या कामासाठी एक पूर्णवेळ अनुभवी माणूस हवा, परकी भाषा अस्खलित हवी, आणि पगार तिचा तिने बघायचा. म्हणजे स्थानिक संस्था, पण मोठी, शहरातली, आणि बहुधा पुरुषाने चालवलेली. आम्ही आणि बायकांच्या नेटवर्कने मिळून तीन दुरुस्त्या दिल्या. जागा दोन संस्थांनी वाटून घ्यायला परवानगी, भाषेऐवजी दुभाष्याची सोय, आणि अर्ध्या पगाराची तरतूद. तिसरीवर खूप वाद झाला, एक जण म्हणाला नेतृत्व ही स्वयंसेवेची भावना असते, तेव्हा करारी बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या पदाचा पगार किती? तिसरी दुरुस्ती मंजूर झाली.

निवडणुकीत आम्ही दोघी जोडीने उभ्या राहिलो, त्या आणि मी, आणि थोडक्यात निवडून आलो. पहिल्या महिन्यात मी फक्त कंटाळवाणी कामं केली. बैठक तळमजल्यावर आणली. अजेंडा पाच दिवस आधी, साध्या वर्डमध्ये, चित्र करून पाठवायचा नाही. मिनिट्सचा ड्राफ्ट सगळ्यांना, दुरुस्तीसाठी तीन कामाचे दिवस, त्यानंतरच फायनल, आणि उपस्थिती म्हणजे खोलीत किंवा लिंकवर असलेली माणसं. ही शेवटची ओळ वाचून इन्फर्मेशनच्या मुलाने मला डोळा मारला.

आणि चूक माझीही झाली, ती लपवत नाही. आठ महिने मी समन्वय करत होते आणि एका बैठकीत मतिमंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या एका तरुण मुलीची आई उभी राहिली, म्हणाली तुमच्या अकरा शिफारशींत माझी मुलगी कुठे आहे? रॅम्प आहेत, दुभाषी आहेत, ब्रेल आहे. मी कागद उलटसुलट केला. नव्हतीच. मी इतकी वर्षं जिन्यावर भांडले आणि माझ्या स्वतःच्या टेबलाचा जिना मला दिसला नाही. बरं, आईने बोलावं हेही पुरेसं नव्हतं, मुलगी तिथेच बसली होती, तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. तिला विचारलं तर ती म्हणाली, पाण्याची लाइन बदलतात आणि मला सांगत नाहीत. मग सोप्या वाक्यांची आणि चित्रांची सूचनापत्रं सुरू झाली, पहिल्या पाचांचे मसुदे तिनेच तपासले, दोन नापास केले.

२०२५ मध्ये जगभरात मदतीचा पैसा आटला, आमच्याकडेही दोन क्लस्टर एकत्र झाले, बैठका महिन्यातून एकीवर आल्या, अर्ध्या पगाराची ओळ गेली. वेगळ्या ओळीत लिहिलेला दुभाष्यांचा खर्च मात्र राहिला, तो कापायचा तर बैठकीत मंजुरी लागते असं आम्हीच टर्म्समध्ये लिहून ठेवलं होतं आणि मंजुरीला कुणी हात वर केला नाही.

माझी मुदत गेल्या महिन्यात संपली. जागेवर आमची सचिव आली, करारी बाईंच्या जोडीला. तिच्या पहिल्या बैठकीला मी मागे बसले होते, तळमजल्यावर, दाराजवळ. तिने हातांनी सुरुवात केली, दुभाषी बोलायला लागली, आणि खोलीतले सगळे दुभाष्याकडे बघायला लागले. सचिव थांबली. हात खाली. दुभाषीही गप्प. पाचसात सेकंद कुणाला काही कळेना, मग तिने एका बोटाने स्वतःकडे दाखवलं, सगळ्यांच्या माना वळेपर्यंत वाट बघितली, आणि अजेंड्याचा पहिला विषय घेतला, मागच्या बैठकीच्या मिनिट्समधल्या दुरुस्त्या.